भाजलेल्या मातीतला वाटाणा

आमच्या आबांच्या शेतात ज्वारीत तुरीची तासं असायचीच. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुरीचा बेवड चांगला असतो रे." म्हणजे तुरीमागून येणारं पीक जोमात येतं. यापुढे स्पष्टीकरण नाही. त्यांना गरजही नव्हती म्हणा.

मी मात्र 'द्विदल पिकं हवेतला नायट्रोजन घेतात' हे वाक्य शाळेत घोकून मोकळा झालो होतो. ते ठरायला पन्नास वर्षं लागली, हे फार उशिरा वाचनात आलं.

फ्रान्सच्या बुसँगोने १८३८ मध्ये तोलून-मापून दाखवलं की क्लोव्हर आणि वाटाण्यात नायट्रोजन वाढतो, गव्हात नाही. पुढे तो आणखी काटेकोर प्रयोग करायला गेला, माती भाजून घेतली... आणि फायदा गायब! इंग्लंडात रोथॅमस्टेडला लॉझ, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये माती तर भाजलीच, रोपांना मिळणारी हवासुद्धा धुऊन घेतली. त्यांच्याही हाती काही लागलं नाही. गंमत बघा, प्रयोगात हयगय कुठेच नव्हती. ज्यांनी काम करायचं तेच भट्टीत मेले होते!

कोडं सुटलं जर्मनीत, बर्नबुर्गला. हेलरीगेल वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा वाढवत होता. ओटचं सरळ होतं, जेवढं नायट्रेट तेवढी वाढ. वाटाण्याचा मात्र नेम नाही. एक कुंडी उपाशी, शेजारची हिरवीगार. मग त्याने आणि विल्फार्थने निर्जंतुक वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं. मुळांवर गाठी आल्या, वाटाणा तरारला. तेच पाणी उकळून घातलं तर काही नाही. हे त्याने १८८६ मध्ये बर्लिनला सांगितलं. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने गाठीतले जिवाणू वेगळे काढले, आणि १८९६ मध्ये नॉबे व हिल्टनर यांनी त्यांच्या खताचं पेटंटही घेतलं.

आता ज्वारीला यातून काय मिळतं? त्याच हंगामात तूर तिला फारसं काही देत नाही. आपलं बरंचसं हवेतून भागवते, त्यामुळे मातीतल्या नायट्रोजनसाठी ज्वारीशी भांडत नाही, एवढंच. खरी कमाई नंतरची. गळलेली पानं, कुजलेली मुळं, गाठी. आबांचा बेवड तो हाच.

आबा गेल्यावर एका वर्षी मी हौसेनं रायझोबियमचं पाकीट आणलं. गूळ विरघळवायला पाणी उकळलं आणि ते गार व्हायच्या आतच पाकीट ओतलं. बुसँगोला हसणारा मी! चूक कळली तोवर पेरणी झाली होती. महिन्याभराने धाकधुकीतच खुरप्याने एक रोप मुळासकट काढलं. गाठी होत्या. नखाने फोडली, आत गुलाबी. माझ्या पाकिटातल्या नसाव्यात. त्या शेतात आबांनी चाळीस वर्षं तूर पेरली होती.