जिमचा डबा घेण्याआधी : आत काय असते, लागते किती आणि हलालचे काय?

मुलगा जिमला जाऊ लागला की महिन्याभरात घरात प्रोटीनच्या डब्याची मागणी होते. डबा काही हजारांचा. घ्यावा का आणि हलाल आहे का, हे दोन प्रश्न अम्मी-अब्बूंना हमखास पडतात. त्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

आधी घरचा हिशोब

साधारण प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आयसीएमआर-एनआयएनची २०२० ची शिफारस सांगते. नियमित वजन उचलणाऱ्याला १.४ ते २ ग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या मुलाला सुमारे ९५ ग्रॅम धरा. आता ताट बघा : चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, दीडशे ग्रॅम शिजलेले बिनहाडाचे चिकन ४० च्या आसपास, वाटीभर डाळ ७, चार चपात्या १२. झाले की ९९! कमी पडले तरच पावडर. एनआयएनने २०२४ मध्ये तर शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळाच, असे सांगितले आहे.

डब्यात काय असते?

चीज करताना उरणारे पाणी म्हणजे व्हे. ते गाळून-सुकवून पावडर करतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ८० टक्क्यांपर्यंत, तर आयसोलेटमध्ये ९० टक्के किंवा जास्त प्रथिने असतात. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिने असतील तर माल ठीक. ५० ग्रॅममध्ये फक्त १५ असतील, तर उरलेले बहुतेक साखर-पीठच समजा.

फसवणूकही होते. प्रथिने बहुधा नायट्रोजनवरून मोजतात. त्यामुळे ग्लायसिन, टॉरीनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळून आकडा फुगवता येतो. घटकांच्या यादीत ती वेगळी दिसली की सावध व्हा. ‘ब्लेंड’ लिहून प्रत्येक घटकाचे प्रमाण लपवले असेल तर डबा परत ठेवा. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम उपयोगी ठरते. बीसीएएवर वेगळा खर्च नको, ते व्हेमध्ये असतेच.

हलालचे काय?

चीजसाठी दूध फाडायला रेनेट लागते. ते वासराच्या जठरातून घेतात किंवा सूक्ष्मजीवांपासून बनवतात. लेबलवर हे बहुधा लिहिलेले नसते. कॅप्सूलचे जिलेटिन डुकराचे किंवा गुराचे असू शकते. हिरवी खूण शाकाहार दाखवते, ती हलालचे प्रमाणपत्र नव्हे. फ्लेवरमध्ये अल्कोहोल आहे का, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून हलाल प्रमाणपत्र बघा, नाहीतर कंपनीला लिहून विचारा. जिलेटिनबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत; आपल्या आलिमांना विचारून घ्या.

रमजानमध्ये

दिवसभराचे एकूण प्रमाण महत्त्वाचे. ते इफ्तार ते सहरीमध्ये वाटून घ्या, पाणी भरपूर प्या. कॅफिनचे प्री-वर्कआउट रात्री घेतले तर झोप उडते आणि सहरीला उठणे अवघड होते.

एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि मुदत तपासूनच घ्या. किडनीचा आजार असेल किंवा वय १८ च्या आत असेल, तर आधी डॉक्टर, मग डबा. आणि ट्रेनरने बिनलेबलची गोळी किंवा इंजेक्शन दिले तर साफ नाही म्हणा. शरीर ही अमानत आहे, तिच्यावर प्रयोग नकोत.