पिट्यूटरी : शब्दाचा अर्थ व उगम

पिट्यूटरी : मेंदूच्या तळाशी, जतुकास्थीच्या खोगिरासारख्या खाचेत बसलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचे पाश्चात्त्य नाव. प्रौढ माणसात हिचे वजन सु. अर्धा ग्रॅम असते. शरीराची वाढ, दुग्धोत्पादन, मूत्राचे प्रमाण तसेच अवटू, अधिवृक्क व जनन ग्रंथींचे कार्य यांवर हिच्या स्रावांचे नियंत्रण असते. नावात मात्र यांपैकी कशाचाही मागमूस आढळत नाही. ‘पिट्यूटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ कफ, श्लेष्मा किंवा नाकातील शेंबूड असा असल्याने ‘पिट्यूटरी’ म्हणजे शब्दशः शेंबडाची ग्रंथी होय.

या नावामागे ग्रीक वैद्यकातील दोषविचार आहे. रक्त, कफ, पीतपित्त व कृष्णपित्त या चार द्रवांपैकी थंड व ओलसर असा कफ मेंदूशी निगडित मानला जाई. गेलेन (इ. स. दुसरे शतक) यांनी या कल्पनेला शारीराचा आधार दिला. मेंदूत तयार होणारा टाकाऊ द्रव मस्तिष्क विवरांत साठतो, तेथून नरसाळ्यासारख्या देठातून खालच्या ग्रंथीत उतरतो आणि पुढे हाडांच्या छिद्रांतून नाकात व टाळूत पाझरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ग्रंथीच्या देठाला शारीरात आजही ‘नरसाळे’ याच अर्थाचा लॅटिन शब्द वापरतात. पडशाला यूरोपीय भाषांत रूढ असलेला ‘कटार’ हा शब्दही याच समजुतीचा अवशेष असून ‘खाली वाहणे’ असा त्याचा मूळ ग्रीक अर्थ आहे. गेलेन यांचे विच्छेदन मुख्यत्वे बैल, माकड इ. प्राण्यांवर झालेले होते; परंतु त्यांच्या अधिकारापुढे हा मुद्दा शतकानुशतके कोणी फारसा मनावर घेतला नाही.

अँड्रिअस व्हेसेलियस यांनी १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शारीरविषयक महाग्रंथात गेलेन यांच्या अनेक चुका दाखविल्या. बैलादी प्राण्यांच्या मेंदूच्या तळाशी आढळणारे रोहिण्यांचे जाळे माणसात तसे नसते, हे त्यांनी मान्य केले. या ग्रंथीच्या कार्याबाबत मात्र ते जुन्याच मताशी राहिले. मेंदूचा कफ स्वीकारणारी ग्रंथी असेच तिचे वर्णन त्यांनी केले. प्रत्यक्ष पाहिलेल्या रचनेवर विश्वास ठेवणाऱ्या या शारीरविज्ञाने न पाहिलेला प्रवाह गृहीत धरावा, ही नवलाची गोष्ट आहे. ‘पिट्यूटरी’ हे विशेषण या वर्णनातूनच रूढ झाले.

ही समजूत केवळ पुस्तकी नव्हती. नाक वाहते म्हणजे मेंदू स्वतःला साफ करतो, असे मानल्यामुळे डोक्यातील कफ उतरविण्यासाठी शिंका आणणारी चूर्णे व नाकात घालावयाची तीव्र औषधे दिली जात. खोकला, दमा, सांधेदुखी अशा दूरदूरच्या विकारांचे मूळही डोक्यातून उतरणाऱ्या कफात शोधले जाई.

या मताला पहिला निर्णायक धक्का व्हिटेनबर्ग येथील प्राध्यापक कॉनराड व्हिक्टर श्नायडर यांनी दिला. नाकातील श्लेष्मा मेंदूतून येत नसून नाकाच्याच अस्तरात तयार होतो, असे त्यांनी १६६० नंतरच्या आपल्या विस्तृत लेखनात दाखविले. त्या अस्तराला पुढे त्यांचे नाव मिळाले. इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर यांनीही हेच प्रतिपादन केले. मेंदूतून या ग्रंथीपर्यंत जे काही येते ते टाळूवर ठिबकत नाही, तर पुन्हा रक्तात मिसळते, असे त्यांचे मत होते. रक्तात स्राव सोडणाऱ्या ग्रंथींची कल्पना तेव्हा जन्मलीही नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या विधानाचे मोल कळते.

सिद्धांत गेला, नाव उरले. ते बदलण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. ‘खाली उगवलेले’ अशा अर्थाचे ‘हायपोफिसिस’ हे ग्रीक नाव पुढे आले आणि ते कार्याविषयी काहीच सांगत नसल्याने अधिक निर्दोष वाटले. परंतु मार्टिन हाइन्रिख राथके यांनी १८३८ मध्ये भ्रूणाच्या अभ्यासातून दाखविले की, ग्रंथीचा पुढचा खंड मेंदूतून खाली वाढत नाही; तो तोंडाच्या छतापासून निघालेल्या कप्प्यातून वर चढत जातो. मागचा खंड तेवढा मेंदूचा. म्हणजे नवे नावही अर्धेच खरे ठरले. ग्रंथीचा टाळूच्या प्रदेशाशी संबंध आहे. पण तो गेलेन यांनी कल्पिलेल्या दिशेच्या नेमका उलट आहे.

खरे कार्य उलगडण्यास आणखी अर्धे शतक लागले. प्येअर मारी यांनी १८८६ मध्ये हातपाय व चेहरा अवास्तव वाढणाऱ्या विकाराचे वर्णन केले व त्याचा ग्रंथीच्या वाढीशी असलेला संबंध हळूहळू स्पष्ट झाला. जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांना १८९५ मध्ये ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब वाढतो, असे आढळले. हार्व्ही कुशिंग यांचा या ग्रंथीच्या विकारांवरील ग्रंथ १९१२ मध्ये निघाला. एवढे होऊनही इंग्रजीत जुनेच नाव प्रचारात राहिले; शारीराच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेच्या १९९८ च्या आवृत्तीत दोन्ही नावांना स्थान आहे.

मराठीपुढे निराळा पर्याय होता. शब्दशः भाषांतर केले असते, तर ‘कफग्रंथी’ असे नाव पडले असते आणि आयुर्वेदातील कफाशी तिचा नसता संबंध जोडला गेला असता. आयुर्वेदात मस्तकातील तर्पक कफ हा इंद्रियांचे पोषण करणारा मानला आहे, टाकाऊ द्रव नव्हे. मराठी वैद्यकीय लेखनात ‘पुष्’ म्हणजे पोसणे या धातूवरून ‘पोष ग्रंथी’ हे कार्यदर्शक नाव घेतले गेले. शालेय पुस्तकांत ‘पीयूषिका’ व हिंदीत ‘पीयूष ग्रंथी’ ही नावे आढळतात. त्यांत मूळ शब्दाच्या ध्वनीचाही भास आहे. संस्कृतात ‘पीयूष’ म्हणजे अमृत, तसेच नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिल्या दिवसांतील दूध, म्हणजे चीक. ग्रंथीच्या पुढच्या खंडाच्या अर्काने दुग्धस्राव सुरू होतो, हे १९२८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे सशांवरील प्रयोगांतून आढळून आले होते.