देवदूतांचे रंग, देवदूतांचे हात

रोममधील प्रिस्किलाच्या भूमिगत दफनस्थानात तिसऱ्या शतकातले एक भित्तिचित्र आहे. बसलेल्या मरियेसमोर एक तरुण हात पुढे करून उभा आहे. तो गब्रीएल देवदूत मानला जातो, पण त्याला पंख नाहीत. ते पुढे रोमन विजयदेवतेकडून आले. रोमच्याच सांता मारिया माज्जोरे चर्चमधल्या ४३२ ते ४४० च्या सुमाराच्या मोझेकमध्ये देवदूत शुभ्र वस्त्रांत, पंखांसह दिसतात.

देवदूतांच्या हातांच्या ठेवणीचे कूळ रोमन राजदरबारात आहे. सम्राटाकडून काही घ्यायचे किंवा त्याला काही अर्पण करायचे, तर हात वस्त्राने झाकून, अशी तिथली रीत होती. रावेन्नाच्या सान विताले चर्चमध्ये (५४७) संत विताले ख्रिस्ताकडून मुकुट घेतो, तो झाकल्या हातांनीच. येशूच्या बाप्तिस्म्याच्या आयकॉनमध्ये, म्हणजे पूज्य चित्रांत, यार्देन नदीच्या काठचे देवदूतही तसेच वाकून, हातांवर वस्त्र धरून उभे असतात. ते वस्त्र येशूचे अंग पुसण्यासाठी आहे, असाही अर्थ पुढे लावला गेला. मुळात मात्र ती अदब आहे.

रंगांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. रावेन्नातच, सांत आपोल्लिनारे नुओवो चर्चमध्ये, सहाव्या शतकाच्या आरंभीचे एक मोझेक आहे. ख्रिस्त मेंढरे आणि शेरडे, म्हणजे पुण्यवान आणि पापी, वेगळी करतो आहे. मेंढरांकडचा देवदूत लाल, शेरडांकडचा निळा. काही अभ्यासकांनी या निळ्यालाच सैतानाचे आद्य चित्र ठरवले. मला ते पटत नाही. त्याच्या मस्तकामागे लाल देवदूतासारखेच तेजोवलय आहे आणि तोही ख्रिस्ताच्या शेजारीच उभा आहे. लाल हा अग्नी आणि उजेड, निळा हा रात्र आणि हवा, हा अर्थ मला अधिक जवळचा वाटतो.

त्याच काळाच्या आसपास डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने स्वर्गीय श्रेणींवरच्या ग्रंथात पांढऱ्याचे नाते प्रकाशाशी, लालचे अग्नीशी, हिरव्याचे तारुण्याशी जोडले. पुढे पश्चिम युरोपात सराफीम या श्रेणीचे देवदूत लाल आणि करूबीम या श्रेणीचे निळे रंगवण्याची प्रथा रुळली. ज्याँ फुके या फ्रेंच चित्रकाराने १४५२ च्या सुमारास मरियेभोवती असेच लाल आणि निळे देवदूत दाटीवाटीने रंगवले. देवाच्या सर्वांत निकटच्या श्रेणींपैकी एकीला जो निळा रंग मिळाला, तो पापाचा कसा असेल?

म्हणून आयकॉनपुढे उभे राहिल्यावर रंगावरून देवदूताची पारख करू नये. तो कुणाजवळ उभा आहे आणि त्याचे हात काय करत आहेत, हे आधी पाहावे. रंगाचा अर्थ त्यानंतर उमगतो.