कृष्णाकाठची एंजिने व अश्वशक्तीचे मापन

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तत्कालीन औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. दोन्हींकडून लोखंडी नांगर बाहेर पडले. कूपर कारखान्यात पुढे डिझेल एंजिनेही होऊ लागली.

नांगराची पारख शेतकरी तासातच करी. एंजिनाची शक्ती मात्र डोळ्यांस दिसत नाही, आणि विहिरीवरील एंजिन पंपास अपुरे पडले तर पीक जाते व कर्ज उरते. म्हणून मापनास महत्त्व आले.

गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये योजिलेले घर्षणरोधाचे तत्त्व लहान कार्यशाळेतही साधते. एंजिनाच्या चाकावर दोर घेऊन त्याच्या एका टोकास वजन टांगतात, दुसरे ताणकाट्यास अडकवितात व चाक पाण्याने थंड ठेवतात. वजनातून काट्याचा आकडा वजा केला की निव्वळ ओढ मिळते. ती १० किलोग्रॅम, त्रिज्या ०.४ मीटर व फेरे मिनिटास ९०० असल्यास, सेकंदास ७५ किलोग्रॅम-मीटर या मानाने, सुमारे ५ अश्वशक्ती भरते.

विक्रेत्याच्या शब्दाऐवजी ग्राहकास स्वतः पडताळता येणारा आकडा या साध्या बाकाने दिला. त्याचे ऐतिहासिक मोल यातच आहे.