रणगाड्यापुढची रायफल आणि घाटाचा धडा

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता वरंध घाटात कावळ्या किल्ल्याला दुभागून वर चढतो. अशा वाटेवर पुढची तुकडी अडली की मागची अख्खी फौज जागच्या जागी खिळते. पोलादपूरच्या वर, प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावाजवळ १६५९ साली अफझलखानाच्या सैन्याची हीच गत झाली. हत्ती, तोफा, घोडदळ सारे होते, पण जावळीच्या रानात त्यांना हालायला जागा नव्हती. पायी लढणाऱ्याला जड सैन्य अडवायचे तर हत्याराइतकीच अडचणीची जागाही लागते, हा या मुलखाने घालून दिलेला धडा आहे. रणगाडाविरोधी रायफलीचा इतिहास याच कसोटीवर तपासला पाहिजे. ती फसली असे सरसकट म्हटले जाते, ते मला अपुरे वाटते.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर पहिल्यांदा रणगाडे उतरले आणि बंदूकवाल्या शिपायाची गोळी एकाएकी कुचकामी ठरली. जर्मनांनी १९१८ मध्ये यावर उत्तर काढले ते साधेच होते: नेहमीची रायफल मोठी करायची. माउझर कंपनीची ती १३ मिलिमीटरची रायफल एका वेळी एकच गोळी झाडी. ब्रिटिशांची बॉइज रायफल १९३७ मध्ये आली. वजन सुमारे १६ किलो, लांबी दीड मीटरहून अधिक, पाच गोळ्यांची पेटी वरून बसवायची. दणका इतका की दस्त्याला जाड गादी लावूनही झाडणाऱ्याचा खांदा ठणकत राही. जवळून नेम लागला तर तिची गोळी वीसेक मिलिमीटर पोलाद भेदी. १९३७ च्या हलक्या रणगाड्यांना एवढे पुरेसे होते. पुढच्या पाच वर्षांत मात्र चिलखत दुपटीने जाड झाले आणि रायफल होती तिथेच राहिली. तिला आणखी मोठी करावी तर माणसाच्या खांद्याला ती पेलणार नव्हती.

याची किंमत मराठी शिपायांनीही मोजली. महाड-पोलादपूरकडून पिढ्यान्‌पिढ्या मराठा पलटणीत भरती होत आली. महाड तालुक्यातल्या एका गावाची ओळखच फौजी आंबवडे अशी आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकच्या आग्नेय फळीवर होती. तिथे खंदक वाळूने बुजत आलेले, बरेच सुरुंग आधीच काढून दुसरीकडे नेलेले, समोर सपाट वाळवंट. २० जूनच्या सकाळी विमानांच्या बाँबफेकीमागोमाग जर्मन रणगाडे याच फळीतून आत घुसले आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. त्यांच्या पुढच्या चिलखताची जाडी ५० मिलिमीटरपर्यंत गेलेली होती. तिथे बॉइज काय करणार? पण त्याआधी सहाच महिने, ११ डिसेंबर १९४१ रोजी, मलायातल्या आसूनच्या पुलाजवळ गुरखा पलटणीच्या शिपायाने याच रायफलीने जपानी रणगाडे निकामी केले आणि त्यांच्या धुडांनी वाटच अडवून धरली.

यावर कोणी म्हणेल, आसूनला यश आले ते जपानी चिलखत पातळ होते म्हणून. पुलाचा त्यात काय वाटा? चिलखत पातळ होते हे खरेच. पण मोकळ्या माळावर दोन रणगाडे बंद पडले तर बाकीचे वळसा घालून जातात; पुलाच्या तोंडाशी तेच दोन मागच्या साऱ्यांना रोखतात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ७ जानेवारी १९४२ रोजी मलायातल्याच स्लिम नदीजवळ रबराच्या मळ्यांमधल्या अरुंद रस्त्यानेच जपानी रणगाडे भारतीय ब्रिगेडींची फळी फोडून थेट पुलांपर्यंत पोहोचले. मग अरुंद वाट कुठे कामी आली? उत्तर त्याच लढाईत आहे. तिथे सुरुंग आणि अडथळे फार थोडे होते, पूल वेळेत उडवले गेले नाहीत, मागच्या तुकड्यांना खबरही मिळाली नाही. घाटसुद्धा कोणी राखला तरच अडवतो. रायफलीला अरुंद वाट हवी, आणि त्या वाटेवर आधी केलेली तयारीही हवी.

१९४३ मध्ये ब्रिटिश फौजेत पियाट हे नवे रणगाडाविरोधी हत्यार आले. त्याच्या गोळ्यातली पोकळ स्फोटक रचना धातूचा प्रखर झोत तयार करून चिलखत भेदत असे, त्यामुळे गोळीच्या वेगाचे आणि वजनाचे जुने गणितच संपले. तरी जागेचे महत्त्व संपले नाही. सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाक युद्धात असल उत्ताडला अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर तोफेने पॅटन रणगाडे फोडले, तेव्हा उसाचा आडोसा आणि पाणी सोडून चिखल केलेली शेते त्यांच्या बाजूने होती. मोठी रायफलही नाहीशी झाली नाही, तिचे काम बदलले. तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीची ‘विध्वंसक’ आज रडार, उभी वाहने, बंकरच्या फटी अशी लक्ष्ये दुरून टिपण्यासाठी आहे. म्हणून तोब्रुकचा दोष एकट्या हत्याराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्यांच्या मुलखात डोंगरच अर्धी लढाई लढत असे, त्यांना सपाट वाळवंटात बुजलेल्या खंदकामागे उभे केले गेले. हत्याराचा हिशेब मांडताना आपण शिपायाला कुठे उभे केले आणि त्याच्यापुढे काय अडथळे उभारले, हाही हिशेब मांडायलाच हवा.