टिपकागदावरची प्रयोगशाळा

शाईचा डाग टिपकागद कसा शोषून घेतो, ते तुम्ही शाळेत पाहिले असेल. अमेरिकेत कागदाच्या याच गुणावर रोगतपासणी उभी राहिली.

पूर्वी लघवीतली साखर पाहायची तर ती बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात घालून नळी तापवावी लागे. १९४१ साली इंडियानातल्या एल्कहार्टच्या माइल्स लॅबोरेटरीजने ‘क्लिनिटेस्ट’ गोळी आणली. ज्योत गेली, नळी राहिली. तिथल्याच हेलन व आल्फ्रेड फ्री या रसायनज्ञ दांपत्याने नळीही घालवली. दोन एन्झाइमे आणि रंग बदलणारे एक रसायन त्यांनी कागदात मुरवले. साखर असली की पट्टी निळी! १९५६ मध्ये ही ‘क्लिनिस्टिक्स’ बाजारात आली.

२००७ मध्ये हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदातच पाणी अडवणाऱ्या भिंती घातल्या. एकाच थेंबाला वाटा फुटल्या. साखर आणि प्रथिने एकाच तुकड्यावर तपासता आली, तीही पंपाविना, विजेविना.

भारतातून आईबाबा भेटीला आले, की साध्या तपासणीआधीही बिलाची चौकशी करणाऱ्या तुम्हाला याचे मोल सांगायला नको. पट्टी आजार बरा करत नाही. डॉक्टरकडे जायलाच हवे, एवढे मात्र घरबसल्या सांगते.