मेंदूच्या काठावरील प्रदेश

घरात काही जळत नसताना जळकी घाण यावी आणि क्षणभर सारे जग स्वप्नवत् भासावे, अशी तक्रार करणाऱ्यास लोक सहज भ्रमिष्ट ठरवतील. लंडनचे डॉ. ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ताडले की, हा अपस्माराचाच प्रकार असून त्याचे मूळ कानशिलामागील शंखखंडाच्या आतल्या बाजूस आहे. हाती यंत्र नव्हते. रोग्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकणे, एवढेच साधन!

मेंदूच्या या आतल्या कडेस पॉल ब्रोका यांनी १८७८ मध्ये ‘लिंबिक’ हे विशेषण लावले. लॅटिन ‘लिंबुस’ म्हणजे काठ. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या धर्मशास्त्रातील ‘लिंबो’ही त्याच कुळातला. भय, क्रोध, स्मृती यांच्या व्यवहारांत या प्रदेशाचा मोठा वाटा आहे.

१८८४ साली लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी केवळ लक्षणांवरून ठरवलेल्या जागी मेंदूतील गाठ काढली. रोगी महिन्याभरात जंतुदोषाने दगावला, तरी वाट खुली झाली. पण ती गाठ पृष्ठभागाजवळ होती. लिंबिक प्रदेश खोल. तेथवर पोहोचण्यासाठी निरोगी भाग कापावा लागे. शिवाय तो प्रदेश गमावणे म्हणजे काय, हे १९५३ मध्ये अमेरिकेत दिसले. अपस्मार आवरण्यासाठी विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा बराच भाग काढला. झटके कमी झाले, पण नवे काही लक्षात राहीना. २००८ साली मृत्यू येईपर्यंत नित्य भेटणारी माणसेही त्यांना अनोळखीच राहिली.

तुर्कस्तानात जन्मलेले गाझी यासारगिल यांनी १९६५-६६ मध्ये अमेरिकेतील बर्लिंग्टन येथे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवण्याची साधना केली व १९६७ पासून झुरिचमध्ये ती विद्या मेंदूवर वापरली. मेंदूत निसर्गानेच ठेवलेली सिल्व्हियसची भेग हळुवार उघडून ते आत शिरत. शेतातली उभी पिके न तुडवता बांधावरून जावे, तसे. लिंबिक प्रदेशातील गाठी बहुधा त्याच प्रदेशाच्या हद्दीत वाढतात, हे त्यांचे निरीक्षण शस्त्रवैद्यास दिलासा देणारे ठरले.

१९७१ मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रोग्याच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेतले. पुढे एमआरआयने लहानशी गाठही दिसू लागली. तरीही रोग्याशी बोलणे सुटलेले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्या स्मरणाची व भाषेची परीक्षा घेतात आणि मगच कोठवर कापायचे, हे ठरते.